हॉपरमधली राख

कोल्हापूर जिल्ह्यातील एका साखर कारखान्याच्या बॉयलरवर आम्ही फेब्रुवारीत बॅग फिल्टरचा, म्हणजे कापडी पिशव्यांतून धूर गाळणाऱ्या यंत्राचा, पायलट (छोटा चाचणी संच) लावला होता. बगॅस म्हणजे उसाची चिपाडे जाळणाऱ्या बॉयलरच्या चिमणीतून घनमीटरमागे १५० मिलिग्रॅमपेक्षा जास्त धूळ जाता कामा नये आणि तेथला धूर पाण्याने धुणारा जुना वेट स्क्रबर त्याला पुरा पडत नव्हता. एअर प्रीहीटरनंतरच्या मुख्य डक्टमधून (धूर वाहून नेणाऱ्या मार्गातून) चार इंची पाइपने तासाला सुमारे ४५० घनमीटर वायू घ्यायचा, नऊ बॅगांतून गाळायचा आणि उरलेली धूळ मोजायची, असे काम होते. तीन आठवडे रीडिंग वीसच्या आसपास येत राहिले आणि मी अनुकूल अहवालावर सही करण्याच्या बेतात होतो.

त्या सकाळी पायलटचा हॉपर, म्हणजे गाळलेली राख साठणारा खालचा भाग, मी स्वतः रिकामा केला. राख पिठासारखी मऊ होती. बगॅसच्या राखेत चिपाडाच्या अर्धवट जळलेल्या काळ्या काड्या असतात आणि त्या बोटांत चुरल्या की कुरकुरतात. येथे एकही काडी हाताला लागली नाही.

कारण टॅपिंगमध्ये, म्हणजे डक्टमधून वायू घेण्याच्या जोडणीत, होते. पाइप डक्टच्या भिंतीला काटकोनात जोडला होता, कारण उभे राहण्याजोगा प्लॅटफॉर्म तेथेच होता. सेकंदाला १५ मीटर वेगाने वाहणाऱ्या प्रवाहातून वायू बाजूला वळतो, बारीक धूळही त्याच्याबरोबर वळते, पण जड, धुमसते कण सरळ पुढे निघून जातात. धुळीचा नमुना घेताना आम्ही नॉझलचे तोंड प्रवाहाकडे धरतो आणि आतला वेग डक्टमधल्या वेगाइतका राखतो, नाहीतर तो नमुना आम्ही फेकून देतो. तोच काटेकोरपणा पायलटच्या तोंडाशी मात्र आम्ही कोणीच पाळला नव्हता. यंत्र पुरवणाऱ्यांचे ते केवळ अनवधान होते, असे मला अजूनही वाटत नाही.

दुपारी फिटरकडून प्रवाहाकडे तोंड केलेला बेंड बसवून घेतला आणि वेग जुळवला. संध्याकाळी बॅगांवरचा दाबफरक एकाएकी घसरला. उरलेली धूळ टिपणारे थिंबल (नमुन्याचे छोटे फिल्टर) इतके दिवस पांढुरके निघत, ते टोकापर्यंत काळे निघाले. बॅगा उतरवल्या, तेव्हा नऊपैकी चार बॅगांना मसुराएवढी भोके होती आणि त्यांच्या कडा वितळून कडक झाल्या होत्या.

ठिणग्या अडवणारा सायक्लोन आधी लावून चाचणी पुन्हा घ्यावी, असे मी लेखी कळवले. व्यवस्थापनाला गाळप संपण्यापूर्वी अहवाल हवा होता; मी सही केली नाही. पण दोन हंगामांपूर्वी दुसऱ्या एका कारखान्यातील अशाच चाचणीच्या अहवालावर माझी सही आहे, आणि तेथला पाइप कसा जोडला होता ते मला आठवत नाही. त्याचे ड्रॉइंग मी मागवले आहे.