मर लागायच्या आधीचे काही तास

परभणीकडच्या मंडळींचा हमखास प्रश्न: "नेदरलँड्समध्ये झाडांचं नेमकं करतेस तरी काय?"

तुरीला मर लागली हे आपल्याला कळतं कधी? झाडानं मान टाकल्यावर. खोड उभं चिरलं की आत काळपट रेषा दिसते. तोवर फ्युजेरियम उडम ही बुरशी मुळातून शिरून पाणी वाहणाऱ्या नळ्या तुंबवून मोकळी झालेली असते. इथं वाखनिंगेनला तूर कुठली! मी टोमॅटोवर काम करते, पण बुरशी त्याच कुळातली. ती मुळाशी आल्यावर झाड बचावाची कोणती जनुकं चालू करतं आणि किती लवकर, हे बघायचं.

जनुक चालू झालं की त्याच्या आरएनए प्रती तयार होतात. त्या मोजायच्या. पण आरएनए महानाजूक. आपल्या हातावरची विकरंसुद्धा त्याचा फडशा पाडतात. म्हणून कायम हातमोजे. मूळ काढलं की लगेच उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये, कारण उशीर केला तर झाड उपटल्याच्या जखमेलाच उत्तर द्यायला लागतं. मग खलात नायट्रोजन ओतत ओतत कुटायचं. पांढरट वाफ काठावरून टेबलावर उतरते, मुळांची पिठासारखी पूड होते, आणि ती वितळायच्या आत पुढचं द्रावण पडलं पाहिजे.

पुढं आरएनएवरून डीएनए बनवून क्यूपीसीआर यंत्रात घालायचा. दर फेरीला प्रती दुप्पट होतात, तशी रंगाची चमक वाढते. एका नमुन्याच्या चमकेनं ठरलेली रेषा दुसऱ्यापेक्षा ३ फेऱ्या आधी ओलांडली, तर त्यात सुरुवातीच्या प्रती साधारण ८ पट होत्या. तुलनेला अ‍ॅक्टिनसारखं स्थिर जनुक घेतात. ते रोगातही स्थिर राहतं का, हे न तपासता काढलेल्या देखण्या आलेखांवर माझा काडीचा विश्वास नाही. शिवाय बुरशीऐवजी नुसतं पाणी दिलेली रोपंही त्याच तासाला काढायची. काही जनुकं दिवस-रात्रीप्रमाणंही वरखाली होतात. नमुना मध्यरात्रीचा असेल तर थंडीत सायकल काढायची, दुसरं काय!

गंमत म्हणजे तग धरणाऱ्या आणि बळी पडणाऱ्या जातींत पीआर-१ सारखी बचावाची जनुकं पुष्कळदा तीच असतात. फरक पडतो तो वेळेत आणि जोरात.

हे सगळं ऐकून आण्णांनी फोनवर विचारलं, "मग आपल्या वावरात काय करू?"

"मर सोसणारी बीडीएन-७११ तूर पेरा, बियाण्याला ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी चोळा, अन् त्याच रानात लागोपाठ तूर नको."

"हे तर बदनापूरचे संशोधन केंद्रवाले कवाचेच सांगायलेत!"