गाठीचा साचा आणि काचेसारखी गोळी

मी पुण्यात खाद्यपदार्थांसाठी सिलिकॉनचे साचे करतो. गिऱ्हाईक बहुधा मोबाइलवर एखादे चित्र दाखवते आणि त्यावरून काम सुरू होते. त्या दिवशी आलेले एक काका आणि त्यांचा मुलगा मात्र सागवानाचा जुना साचाच कापडात गुंडाळून घेऊन आले होते. त्यांच्या घरात गुढीपाडव्याच्या साखरेच्या गाठी ओतण्याचा धंदा पिढ्यांपासून चालत आलेला आहे आणि हा साचा काकांच्या वडिलांनी स्वतः पटाशीने कोरलेला आहे. मुलाला त्याच नक्षीचे रंगीत, पारदर्शक लॉलीपॉप वर्षभर विकायचे होते.

लाकडातच ते का ओतत नाहीत, असे कोणालाही वाटेल. गाठीचा पाक लवकर उतरवतात, तो घोटल्यावर साखरेचे बारीक कण धरतो आणि भिजवलेल्या लाकडातून सहज सुटतो. कडक गोळीचा पाक लिक्विड ग्लुकोज घालून दीडशे अंशांच्या आसपास नेलेला असतो. तो कण न धरता काचेसारखा गोठतो, लाकडाच्या रेषांना चिकटून बसतो आणि काढताना फुटतो. सिलिकॉन हे तापमान सहज सोसते, वाकते आणि त्याला तेलाचा हातही लागत नाही. तेल लावले तर उलट गोळीची चकाकी जाते.

मुलाकडे आधीच कोणाकडून तरी करून घेतलेला एक स्वस्त साचा होता. त्याला वास येत होता. कथिलाच्या उत्प्रेरकावर जमणारे सिलिकॉन खाण्याच्या वस्तूंसाठी नसते, तिथे प्लॅटिनमवर जमणारेच वापरावे लागते, आणि तेही जमल्यावर सुमारे २०० अंशांवर चार तास भाजून आतली उडून जाणारी द्रव्ये काढून टाकावी लागतात. बाजारात डब्यावर ‘फूड ग्रेड’ एवढेच छापून, कोणताही कागद न देता माल विकणाऱ्यांचा मला मनापासून संताप येतो, कारण त्या साच्यातली गोळी शेवटी लहान मुलाच्या तोंडात जाते.

प्लॅटिनमचे सिलिकॉन नाजूक प्रकृतीचे असते. गंधक असलेली माती, लॅटेक्सचे हातमोजे, कथिलाच्या सिलिकॉनचा जुना अंश किंवा अमाइनवर जमणारे इपॉक्सी यांपैकी काहीही त्याला लागले, तर तेवढा पृष्ठभाग कायमचा चिकट राहतो. शिवाय वर्षानुवर्षे भिजवलेल्या लाकडाच्या रंध्रांतले पाणी बुडबुडे सोडते. म्हणून साचा आधी सावलीत पूर्ण वाळवला (उन्हात सागवानही तडकते) आणि मागच्या कडेवर थेंबभर सिलिकॉन जमवून पाहिले. मगच सिलिकॉनचे दोन्ही द्रव भाग, जे एकत्र आल्यावर जमतात, वजनाने मोजून मिसळले, व्हॅक्यूममध्ये ते मिश्रण फुगून वर येईपर्यंत आणि पुन्हा खाली बसेपर्यंत थांबलो, आणि एका कोपऱ्यातून बारीक धारेने ओतले. त्या उठावावरून दुसरा साचा काढला आणि त्यात पॉलियुरेथेन रेझिनच्या प्रती ओतल्या, कारण घासता येईल असा टणक मास्टर, म्हणजे ज्यावरून गोळीचे साचे काढायचे ती मूळ प्रत, हवा होता. सिलिकॉनला घासताही येत नाही आणि त्यावर रंगही बसत नाही.

पहिली प्रत जशी होती तशी वापरली. सिलिकॉन पृष्ठभागाची हुबेहूब नक्कल करते, त्यामुळे लाकडाचा प्रत्येक तंतू गोळीवर उतरला आणि गोळी धुरकट झाली. काकांनी ती हातात घेतली, अंगठ्याने नक्षीची कड चाचपली आणि म्हणाले, “ही आमच्या आबांची पटाशी. इथे ते हात वळवून कापायचे.” मुलाला ती गोळी विकण्याजोगी वाटली नाही, आणि विक्रीच्या दृष्टीने त्याचे बरोबरच होते.

दुसरी प्रत बारीक पॉलिश पेपरने घासून चकचकीत केली. गोळी काचेसारखी निघाली, पण पटाशीच्या खुणा गेल्या. तिसऱ्या प्रतीवर अॅक्रिलिक लॅकरचे पातळ हात दिले, म्हणजे तंतू बुजावेत आणि खोल खुणा राहाव्यात. तंतू बुजले, खुणाही राहिल्या, मात्र त्यांच्या कडा गोल झाल्या. ती गोळी पाहून काका काहीच बोलले नाहीत.

मुलाने घासलेल्या प्रतीवरून साचे मागवले. लॉलीपॉपच्या काडीची खाच मी काडीपेक्षा किंचित अरुंद ठेवली, म्हणजे पाक बाहेर झिरपत नाही. काम वेळेत गेले, पैसेही आले. तरीही हे प्रकरण माझ्या डोक्यातून जात नाही, आणि त्याचे कारण पॉलिश नसून नक्षीची खोली आहे, हे मला नंतर उमगले. आबांनी ते कोरीवकाम पांढऱ्या, अपारदर्शक साखरेसाठी केले होते. गाठीवर उजेड पडला की उथळ रेघेचीही सावली दिसते. पारदर्शक गोळीतून उजेड आरपार जातो आणि तीच रेघ विरून जाते. म्हणजे घासलेल्या प्रतीत जे हरवले, त्यातले बरेचसे न घासताही दिसले नसते. पाक अपारदर्शक करायला टायटॅनियम डायऑक्साइड घालता येईल, पण युरोपीय संघाने २०२२ साली खाद्यपदार्थांत त्यावर बंदी घातली आहे आणि मी तो कोणाला सुचवणार नाही. पाक ओढून पांढरा करता येतो, पण मग तो साच्यात ओतण्याइतका पातळ राहत नाही.

एक वाट उरते: रेझिनच्या न घासलेल्या प्रतीवर आबांच्याच रेषा थोड्या खोल कोरायच्या आणि फक्त मधली सपाट जागा चकचकीत करायची. ते कोरण्याचा हात माझा नसावा, काकांचा असावा, असे मला वाटते. ती प्रत मी जपून ठेवली आहे आणि मुलाला तसे कळवले आहे. पाडव्याची गाठींची घाई आटोपली की दोघांनी कारखान्यात यायचे ठरले आहे.