दुधाचे दात आणि सेंट लुईसच्या आया

माझ्या दवाखान्यात लहान मुलाचा केसपेपर भरताना मी हमखास विचारते, "बाटलीनं दूध कधीपर्यंत दिलं?" वडील आईकडे बघतात. आई लगेच सांगते, "दीड वर्षापर्यंत, फक्त रात्री." आईच्या या आठवणीला विज्ञानात किती मोल असतं, ते मला अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरातल्या बायकांमुळे कळलं.

१९५०च्या दशकात नेवाडाच्या वाळवंटात अमेरिका उघड्यावर अणुचाचण्या करत होती. त्यातलं स्ट्रॉन्शियम-९० हे किरणोत्सारी द्रव्य वाऱ्यापावसाबरोबर गवतावर पडे, गाईच्या पोटात जाई आणि दुधात उतरे. शरीर त्याला कॅल्शियमसारखंच हाडांत, दातांत साठवतं. दुधाच्या दाताचा वरचा भाग बाळ पोटात असताना आणि पहिल्या वर्षात घडतो, म्हणून पडलेल्या दातात त्या काळाचं दूध मोजता येतं.

डिसेंबर १९५८मध्ये सेंट लुईसच्या नागरिकांनी आणि शास्त्रज्ञांनी मिळून असे दात मागवायला सुरुवात केली. पहिली काही वर्षं धुरा डॉ. लुईज रीस यांच्याकडे होती. दातासोबत माहिती हवी असे: जन्मतारीख, गरोदरपणी आई कुठे राहत होती, अंगावर किती महिने पाजलं, वरचं दूध कधी सुरू केलं. हे घरात आईशिवाय कोण सांगणार? आणि तिनं चुकीचं सांगितलं असतं, तर प्रयोगशाळेतलं मोजमाप वाया गेलं असतं. लिफाफे उघडून दात लावून ठेवणाऱ्याही बहुतेक बायकाच, बिनपगारी. मुलांना बिल्ला मिळे: 'मी माझा दात विज्ञानाला दिला'. १९७०पर्यंत ३ लाखांच्या आसपास दात जमले.

पहिले निष्कर्ष १९६१च्या नोव्हेंबरात छापून आले. दातांतलं स्ट्रॉन्शियम वाढत होतं. त्याच महिन्याच्या १ तारखेला देशभरच्या शहरांत हजारो बायका घरकाम, नोकरी सोडून चाचण्यांविरुद्ध रस्त्यावर आल्या होत्या. त्यांना हाक देणाऱ्या डॅगमार विल्सन मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढत. पुढच्या वर्षी संसदेच्या समितीनं त्यांच्यात कम्युनिस्ट शोधायला चौकशी लावली, तर बायका तान्ही मुलं कडेवर घेऊन सभागृहात येऊन बसल्या. साक्षीला उठणाऱ्या प्रत्येकीला त्यांनी फुलं दिली. मला हा प्रसंग फार आवडतो.

ऑगस्ट १९६३मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि सोव्हिएत संघानं हवेतल्या चाचण्या थांबवायचा करार केला. भूमिगत चाचण्या चालूच राहिल्या.

२००१मध्ये सेंट लुईसजवळच्या एका जुन्या दारूगोळ्याच्या कोठारात ८५ हजारांच्या आसपास दात सापडले. छोट्या लिफाफ्यांत, प्रत्येकासोबत त्या मुलाचं कार्ड.