तुम्ही विचारलंत म्हणून: त्याला लोकलने एकट्याला कसं सोडता?

‘ऑटिझम असलेल्या मुलाला लोकलने एकट्याला कसं सोडता? भीती नाही वाटत?’ बिल्डिंगमध्ये, लग्नाकार्यात सगळे हे विचारतात. हल्ली त्याच्यासारख्या इतर मुलांचे पालकही फोन करून विचारतात.

वाटते. रोज वाटते. पण ‘सोडता’ म्हणता ना, त्या सोडण्याला आम्हाला जवळजवळ तीन वर्षं लागली.

लेक आता 22 वर्षांचा आहे. ठाण्याहून माटुंग्याला एका कार्यशाळेत कागदी पाकिटं बनवायला जातो. धीम्या गाडीने दहावं स्टेशन. सुरुवातीला मी त्याच्या शेजारी बसायचे. मग समोर, मग दाराशी, मग लेडीज डब्यात आणि शेवटी मागच्या लोकलने. वाट त्याला चार दिवसांत पाठ झाली होती. शिकवावं लागलं ते वाट बदलली तर काय करायचं हे.

परतताना तो फक्त ‘ठाणे’ लिहिलेलीच गाडी पकडायचा. कल्याणच्या धीम्या गाड्या समोरून जायच्या आणि हा जागचा हलायचा नाही. ‘अरे, ती पण ठाण्याला थांबते,’ मी सांगायचे. तो इंडिकेटरकडे बोट दाखवायचा. तिथे कल्याण लिहिलंय, ठाणे नाही. त्याचं बरोबरच होतं! मग घरी सगळी स्टेशनं एका लांब पट्टीवर लिहिली. माटुंग्यापासून कल्याणपर्यंत त्याने बोट फिरवलं आणि ते ठाण्यावर थांबलं. पुन्हा फिरवलं. नंतर स्वतःच यादी केली : ठाणे चालेल, डोंबिवली चालेल, कल्याण चालेल. कुर्ला नाही, घाटकोपर नाही. ती यादी अजून त्याच्या पाकिटात असते. (ऑटिझम असलेल्यांना मराठीत ‘स्वमग्न’ म्हणतात, तो शब्द मला म्हणूनच पटत नाही. स्वतःत मग्न असलेला माणूस इतकं बारीक बघेल का?)

एक चूक माझी. गर्दी कमी म्हणून सरावासाठी मी रविवार निवडला. रविवारी मेगाब्लॉक असतो, म्हणजे दुरुस्तीसाठी काही मार्ग बंद ठेवून गाड्या दुसऱ्या मार्गाने नेतात, हे जन्मभर लोकलने फिरूनही माझ्या लक्षात आलं नाही. मुलुंडनंतर गाडी जलद मार्गावर गेली आणि नाहूर आलंच नाही. तो उभा राहिला, कान झाकून ‘नाहूर, नाहूर’ ओरडू लागला. दोघातिघांनी दंड धरून त्याला खाली बसवायचा प्रयत्न केला. चांगल्या मनाने केला, पण त्या क्षणी अंगाला लागलेला हात त्याला चटका बसल्यासारखा लागतो. त्यानंतर आम्ही मुद्दाम मेगाब्लॉकच्या वेळी प्रवास केला, पाच-सहा रविवार. आता त्याच्याकडे कार्ड आहे : स्टेशन आलं नाही तर पुढच्या स्टेशनला उतर. बाकावर बस. आईला फोन कर.

अपंगांच्या डब्याचं पण सांगते. त्याला बघून काही कळत नाही, त्यामुळे ‘धडधाकट दिसतोस, उतर’ असं त्याने खूपदा ऐकलंय. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत ऑटिझम आहे. आधीच्या 1995च्या कायद्यात तो नव्हता. पण चालत्या गाडीत कायदा कोण सांगणार? म्हणून यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, गळ्यात असतं. आता कुबडी घेऊन येणारे एक काका त्याला रोज खिडकी ठेवतात. काही विचारत नाहीत, पिशवी उचलतात फक्त.

तुम्हाला असा कुणी दिसला, कानावर हेडफोन, स्टेशनांची नावं पुटपुटणारा, तर त्याच्याशी बोलायलाच हवं असं नाही. पण गाडी मार्ग बदलत असेल तर जरूर सांगा. हात न लावता, एकदाच, थोडक्यात : ‘ही माटुंग्याला थांबणार नाही. शीवला उतर.’ मग थांबा. त्याला उत्तर द्यायला वेळ लागतो. तेवढ्यात आवाज चढवून तेच पुन्हा सांगू नका. त्याने पहिल्याच वेळी ऐकलेलं असतं.