थाळी जपानची, शिक्का चीनचा

जपानमध्ये फुकुओकाला नोकरीला असताना, पोर्सिलेनच्या (चिनी मातीच्या) भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या आरिता गावच्या मे महिन्यातल्या बाजारात एक जुनी इमारी, म्हणजे तिथलीच निळ्या-लाल-सोनेरी नक्षीची, थाळी घेतली आणि बाबांसाठी टपालाने पुण्याला पाठवली. खरेदी, बांधाबांध, पाठवणी चार दिवसांत उरकली. त्यानंतर दोन महिने थाळी कस्टमच्या तपासणीत अडकून पडली.

अडलं कुठे, तर थाळीच्या पाठीवर. तिथे निळ्या रंगात सहा अक्षरं आहेत: 'महान मिंगच्या चेंगहुआ काळात बनवलेली'. चेंगहुआ म्हणजे चीनच्या मिंग घराण्यातला बादशहा, काळ १४६५ ते १४८७. पावतीवर जपान, पाठीवर चीन! बाबांनी चार हेलपाटे घातले. दर वेळी खिडकीवर नवा माणूस, पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगा. "साहेब, खरं काय ते एकदा ठरवा," एवढंच उत्तर. सत्तरीच्या माणसाला असं उभं ठेवल्याचा राग मला अजून येतो.

खरं तर आरिताचे कारागीर चिनी मालाचा मान म्हणून ही अक्षरं सर्रास काढत. त्यावरून ना देश ठरतो, ना वय. आणि वयाला इथे महत्त्व आहे. वस्तू शंभर वर्षांहून जुनी असेल तर कस्टमच्या वर्गवारीत तिचा क्रमांक ९७०६, नाहीतर पोर्सिलेनची साधी भांडी, क्रमांक ६९११. फॉर्मवर मी नुसतं 'जुनी थाळी' लिहिलं, ती चूक माझीच.

शेवटी दुकानदाराकडून शिक्क्यानिशी पत्र आणलं: आरिताची, एदो काळाच्या उत्तरार्धातली, म्हणजे १८६८ च्या आधीची, अक्षरं केवळ नक्षीची. सोबत इंग्रजी भाषांतर आणि पाठीचे जवळून काढलेले फोटो. तळाला पाच बारीक टोचे दिसतात. भट्टीत तळ खचू नये म्हणून मातीचे सुळके लावत, त्यांच्या त्या खुणा. आठवड्यात थाळी सुटली. हे पत्र खरेदीच्या दिवशीच मागून घ्या.

थाळी हातात आल्यावर बाबांना फोनवर म्हटलं, "आधी निळ्यावरून बोट फिरवा, मग लालवरून." निळा रंग झिलईखाली, म्हणजे वरच्या काचेसारख्या थराखाली असतो, गुळगुळीत लागतो. लाल आणि सोनेरी झिलईवर चढवून कमी आचेवर पुन्हा भाजलेले, म्हणून बोटाला जाणवतात. "लागतंय रे," बाबा म्हणाले आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत.

हो, बांधताना थाळीला वर्तमानपत्र थेट लावू नका. ते सोनं घासलं की जातं. आधी मऊ कागद, मग बाकीचं.