माल्ट एक्स्ट्रॅक्ट टाकताना गॅस बंद

आतेभाऊ जर्मनीत घरी बियर करायला शिकतोय, तिकडे ते चालतं, मीपण तिथे असताना करायचो. जळगावहून व्हिडिओ कॉलवर त्याला सारखं सांगतो, भाऊ, एक्स्ट्रॅक्ट (मोड आणलेल्या धान्याचा घट्ट पाक) टाकताना गॅस बंदच कर, ते काकवीसारखं जड, सरळ तळाला बसतं आणि करपतं, मग तो वास काही केल्या जात नाही. नीट ढवळून तळाला चमचा फिरवून बघायचा, काही चिकटत नसेल तरच परत आच. पहिली उकळी येताना फेस भराभर चढतो, तेव्हा झाकण नको आणि भांड्याजवळून हलायचं नाही!

कडूपणासाठी हॉप्स (बियरला कडूपणा आणि वास देणारी फुलं) ६० मिनिटं उकळायचे, वासाचे शेवटी. अर्धं एक्स्ट्रॅक्ट शेवटच्या १५ मिनिटांत टाकलं तर रंग फिका राहतो, मला तेच आवडतं. यीस्ट मात्र हे सगळं २० अंशांच्या आसपास गार झाल्यावरच टाकायचं, आमच्याकडे मे महिन्यात नळाचंच पाणी त्याहून गरम, त्याला तिकडे सिंकमध्ये गार पाण्यात भांडं ठेवलं तरी जमतं.