दुधाचे दात, पूर्ण भूल आणि डॉक्टरची धाकधूक

लहान मुलांचे दात पाहणारा डॉक्टर मुलांच्या रडण्याने थकत असेल, असा सर्वसाधारण समज आहे आणि तो अगदीच खोटा नाही. बालदंतवैद्य म्हणून बरीच वर्षे काम केल्यानंतर मात्र माझे मत असे झाले आहे की, रडणाऱ्या मुलापेक्षा झोपवलेल्या मुलावर काम करतानाचा ताण कितीतरी खोलवर जातो. रडणारे मूल घरी गेले की अर्ध्या तासात शीण उतरतो. पूर्ण भूल देऊन करायची केस आदल्या रात्रीच मनात सुरू होते आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलाची आई फोनवर ‘जेवला, आता खेळतोय’ असे सांगेपर्यंत ती संपत नाही.

ही वेळ कोणत्या मुलांवर येते, ते आधी सांगायला हवे. तीन-साडेतीन वर्षांचे मूल, रात्री बाटलीतून गोड दूध पीत झोपण्याची सवय, वीस दुधाच्या दातांपैकी दहा-बारा किडलेले, एखाद्या दाढेखाली पू आणि गालाला सूज. इतक्या लहान वयात हे मूल खुर्चीवर आठ-दहा वेळा शांत बसेल, ही अपेक्षाच चुकीची असते. काही मुलांना स्वमग्नता असते, तर काहींना हृदयाचा आजार. अशा वेळी एकाच बैठकीत, दोन-तीन तासांच्या पूर्ण भुलीखाली सगळे दात मार्गी लावणे हा योग्य आणि माणुसकीला धरून असलेला उपाय असतो. त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ताण येतो तो दुसऱ्याच ठिकाणाहून.

आंत्रपुच्छ फुटलेल्या मुलाला शस्त्रक्रियेसाठी नेताना शल्यचिकित्सकाच्या हाताशी एक भक्कम उत्तर असते, ते म्हणजे शस्त्रक्रिया केली नाही तर मूल दगावू शकते. आमच्याकडे तसे उत्तर क्वचितच असते. दात किडलेले असतात, मूल रात्री ठणक्याने उठते, नीट जेवत नाही, त्याचे वजन वाढत नाही, हे सगळे खरे असते. पण मूल आपल्या पायांनी चालत, हातात खेळण्यातली गाडी घेऊन रुग्णालयात येते. अशा धडधाकट मुलाला दातांसाठी बेशुद्ध करायचे असते. आजच्या काळात, योग्य ठिकाणी आणि योग्य हातांत, पूर्ण भूल अतिशय सुरक्षित आहे, हे मी पालकांना रोज सांगतो आणि ते खरेही आहे. तरीही ‘अतिशय सुरक्षित’ म्हणजे ‘शून्य धोका’ नव्हे, हे सांगणाऱ्यालाच सर्वांत चांगले ठाऊक असते. आजी जेव्हा विचारते, ‘डॉक्टर, पडणारेच दात ना हे, मग एवढ्याशा पोराला भूल कशाला?’, तेव्हा तिचा प्रश्न अडाणीपणाचा नसतो. तो मी स्वतःला प्रत्येक केसच्या वेळी विचारलेला असतो.

शरीरशास्त्र या धाकधुकीत भर घालते. लहान मुलाच्या शरीराला वजनाच्या प्रमाणात प्रौढाच्या जवळजवळ दुप्पट ऑक्सिजन लागतो आणि फुप्फुसांतला साठा मात्र तोकडा असतो; त्यामुळे श्वास अडला तर पल्स ऑक्सिमीटरवरचा आकडा प्रौढापेक्षा फार लवकर घसरू लागतो. त्यात आमच्या कामाची जागा म्हणजे तोंड, आणि श्वासाचा मार्गही तोच. भूलतज्ज्ञ नाकातून नळी घालून आम्हाला जागा करून देतात, पण पाणी, रक्त, दाताचा तुकडा किंवा निसटलेली छोटी स्टीलची कॅप खाली जाऊ नये म्हणून घशात ठेवलेली पट्टी शेवटी आठवणीने काढली गेली की नाही, हे मोठ्याने विचारून पक्के करावे लागते. आमच्या शस्त्रक्रियागृहात ती ठेवल्याचे फळ्यावर लिहितात आणि काढल्यावरच पुसतात. मी घरी जाताना गाडीत तो फळा पुन्हा डोळ्यांसमोर आणतो. हे थोडे हास्यास्पद आहे, पण ज्यांनी हे काम केले आहे त्यांना त्यात हसण्यासारखे काही वाटणार नाही.

पूर्ण भुलीपेक्षाही मला गुंगीच्या औषधांची भीती अधिक वाटते, आणि हे मत अनेकांना उलटे वाटेल. पूर्ण भुलीत भूलतज्ज्ञ फक्त मुलाकडे पाहत असतात आणि मी फक्त दातांकडे. गुंगीत ही विभागणी पुसट होते. तोंडावाटे मिडाझोलाम दिले, मुलाने त्यातले अर्धे थुंकले, तर नेमके किती पोटात गेले हे कोणीच सांगू शकत नाही आणि पुन्हा मात्रा देणे धोक्याचे असते. मग वाट पाहायची किंवा केस पुढे ढकलायची. काही मुले या औषधाने शांत होण्याऐवजी उलट चिडतात, आक्रोश करतात. शिवाय हलकी गुंगी, मध्यम गुंगी, खोल गुंगी या पायऱ्या पुस्तकात वेगळ्या दिसल्या तरी प्रत्यक्षात मूल एकीवरून दुसरीवर कधी घसरले ते कळत नाही. म्हणूनच ज्या पातळीची गुंगी द्यायची ठरवली असेल, तिच्याहून एक पातळी खोल गेलेल्या मुलाला सावरण्याची तयारी आणि माणसे हाताशी असावीत, असे शास्त्र सांगते. एकट्या डॉक्टरने एक डोळा दाढेवर आणि एक डोळा मुलाच्या छातीच्या हालचालीवर ठेवून काम करणे ही तारेवरची कसरत आहे, आणि मी ती करायची नाही असे ठरवून टाकले आहे.

निर्णयांचा भार हा यातला सर्वांत कमी बोलला जाणारा भाग. दुधाच्या दाताची नस वाचवायची की तो काढायचा, हा निर्णय खुर्चीवर असता तर मी चार आठवडे वाट पाहून घेतला असता. भुलीखाली तो तिथल्या तिथे घ्यावा लागतो, आणि सहा महिन्यांनी पुन्हा भूल द्यावी लागू नये म्हणून साहजिकच हात अधिक कठोर निर्णयाकडे झुकतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर २०१६ मध्ये तीन वर्षांखालील मुलांना तीन तासांपेक्षा जास्त वेळ किंवा वारंवार भूल दिल्यास मेंदूच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो, असा इशारा दिला. पुढे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या बहुदेशीय अभ्यासात, तान्हेपणी एकदाच तासाभरापेक्षा कमी वेळ भूल मिळालेल्या मुलांच्या बौद्धिक विकासात पाचव्या वर्षी फरक आढळला नाही. या दुसऱ्या बातमीने दिलासा मिळाला, पण आमच्या केसेस तासाभरात आटोपणाऱ्या नसतात. म्हणून भिंतीवरच्या घड्याळाकडे लक्ष जाते, आणि घाईत केलेली कॅप नीट बसत नाही म्हणून पुन्हा वेळ जातो.

पालकांचा भाग वेगळाच. उपाशीपोटी ठेवण्याचे नियम साधे आहेत: जेवण किंवा वरचे दूध सहा तास आधी बंद, आईचे दूध चार तास आधी, पाणी दोन तास आधी. पण सकाळी सहा वाजता भुकेने रडणाऱ्या नातवाला आजोबांनी दिलेले एक बिस्किट सगळे नियोजन मोडून टाकते. केस रद्द होते, शस्त्रक्रियागृहाचे भाडे आणि भूलतज्ज्ञांची सकाळ वाया जाते, आणि नातेवाईकांच्या नजरेत हट्टी ठरतो तो मी. दातांच्या अशा उपचारांना बहुतेक आरोग्य विमा पॉलिसी हात लावत नाहीत, त्यामुळे सगळा खर्च घरातून होत असतो आणि त्या पैशाबरोबर अपेक्षाही वाढलेली असते. भूल उतरताना काही मुले दहा-पंधरा मिनिटे कोणालाही न ओळखल्यासारखी हातपाय झाडत रडतात; हे आधी दोनदा सांगितलेले असूनही प्रत्यक्ष पाहताना आईच्या चेहऱ्यावर जे उमटते, त्याची सवय मला अजून झालेली नाही.

कायद्याचा विचार मनाच्या कोपऱ्यात सतत असतो. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली आणली. २००५ च्या जेकब मॅथ्यू खटल्यात फौजदारी कारवाईसाठी निष्काळजीपणा ढोबळ स्वरूपाचा असला पाहिजे, असे त्याच न्यायालयाने स्पष्ट केले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये निष्काळजीपणामुळे मृत्यू झाल्यास पाच वर्षांपर्यंतची शिक्षा आहे आणि नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकासाठी ती दोन वर्षांपर्यंत ठेवली आहे. मात्र तिथली व्याख्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याखालील पदवी आणि नोंदणीची आहे. आमची नोंदणी दंतवैद्यांसाठीच्या वेगळ्या कायद्याखाली होते. म्हणजे व्याख्येच्या शब्दांवर बोट ठेवले, तर एकाच टेबलाशी उभे असलेले भूलतज्ज्ञ सवलतीच्या आत आणि मी बाहेर. दंतवैद्यांच्या बैठकांत नव्या सिमेंटवर तासभर चर्चा होते, पण या ओळीवर पाच मिनिटेही नाहीत, याचा मला राग येतो.

ताण कमी करणारी गोष्ट धीर देणारी भाषणे नसून व्यवस्था आहे, असे माझे ठाम मत आहे. ब्रिटनने २००१ च्या अखेरीपासून दातांसाठीची पूर्ण भूल दंतवैद्यांच्या दवाखान्यांतून बंद करून फक्त रुग्णालयांत ठेवली. अमेरिकेतल्या बालरोग व बालदंतचिकित्सा संघटनांनी २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत असे म्हटले की, दंतचिकित्सालयात खोल गुंगी किंवा पूर्ण भूल देताना दंतवैद्याखेरीज एक प्रशिक्षित व्यक्ती केवळ भूल सांभाळण्यासाठी हजर असलीच पाहिजे. असे नियम काहींना जाचक वाटतात. मला ते आधाराचे वाटतात, कारण ‘आज एवढी एक केस इथेच उरकू या’ हा आग्रह नाकारण्याची जबाबदारी मग एकट्या डॉक्टरच्या स्वभावावर राहत नाही. आपल्याकडे ही लढाई अजून ज्याने त्याने आपापल्या दवाखान्यात लढायची असते.

सर्वांत मोठा ताण टळतो तो भूलच टळली तर. सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड नावाचे द्रव औषध दातावर लावून कीड थांबवता येते. दात काळा दिसतो म्हणून पालक नाक मुरडतात, पण फोटो दाखवून समजावले की निम्मे तरी तयार होतात. हॉल पद्धतीने सुई आणि ड्रिलशिवाय दाढेवर स्टीलची कॅप बसवता येते. या दोन गोष्टींमुळे माझ्या भुलीच्या केसेस बऱ्याच कमी झाल्या आणि उरलेल्यांसाठी मन ताजे राहू लागले.

आमच्या भागातले काही बालदंतवैद्य आणि दोन भूलतज्ज्ञ आता महिन्यातून एकदा बसतात. सुरुवातीला सगळे उपकरणांबद्दलच बोलत होते. मग एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी, ज्यांच्याकडे आम्ही अवघड केसेस पाठवतो, सहज सांगितले की भुलीच्या केसच्या आदल्या रात्री त्यांना अजूनही झोप लागत नाही. त्यानंतर त्या संध्याकाळी उपकरणांचा विषय निघाला नाही. पुढच्या बैठकीत केस रद्द करण्याचा अंतिम अधिकार कोणाचा आणि त्या दिवसाचे भाडे कोणी सोसायचे, हे लेखी ठरवायचे आहे. भूलतज्ज्ञांनी मसुदा पाठवला आहे आणि त्यातल्या भाड्याच्या कलमावर आत्तापासूनच वाद सुरू आहे.